रुमालाखालचे आकडे

हळदीच्या सौद्यात आमची तिसरी पिढी.
मी पट्ट्या लिहितो : तोलाई, हमाली, अडत,
राजापुरी इतकी पोती, कणी इतकी.
संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल पिवळा.

रविवारी मात्र वडापनं मिरजेला जातो,
मिशनच्या मागे, शमुवेल भंडारे सरांकडे,
लॅटिन शिकायला.
"कशाला रं?" यार्डात सगळे विचारतात.
मला अजून धड उत्तर आलेलं नाही.
एकदा म्हणालो, इन्कमटॅक्सला उपयोग होतो.
गप्प बसले.

सरांच्या पुस्तकांना महापुराचा वास आहे.
तेव्हा सर सांगलीत, गावभागात राहायचे.
चार दिवसांनी पाणी उतरलं, तेव्हा त्यांनी
एकेक पान दोरीवर वाळत घातलं,
तरी रंगीत खिडक्यांची चित्रं चिकटली ती चिकटलीच.
आता एका संताच्या खांद्यातून
भलत्याच देवळाचं शिखर निघतं.
"असू दे," सर म्हणतात,
"हजार वर्षांत तिकडंही असंच झालंय."

पहिल्या दिवशी त्यांनी शब्द दिला : मानुस.
म्हणजे हात.
मी वहीत लिहिलं, माणूस म्हणजे हात.
त्यांनी वाचलं, चष्मा पुसला,
खोडलं नाही.

नंतर मठातले लेखनिक आले.
कातड्यावर ओळी आखणारे, सोन्याचा वर्ख दाताने घोटणारे,
देवाचं लिहिता लिहिता समासात
आपलं एक वाक्य सोडून जाणारे :
आज शाई पातळ. आज फार थंडी,
बोटं वळत नाहीत.
मी दुसऱ्या दिवशी रोजमेळाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं,
आज धूळ फार.
ऑडिटरनं विचारलं, हे कुठल्या खात्यात टाकायचं?

आणि मग, श्रावणाच्या सुमारास, ते पान.
बोटांवर मोजायची रीत.
करंगळी दुमडली की एक.
अंगठा आणि तर्जनी टोकाला टोक लावून, हलकेच, तीस.
डाव्या हातावर शंभराच्या आतलं सगळं,
शेकडे, हजार उजव्यावर,
त्यापुढे हात छातीशी, पोटाशी, मांडीशी नेत जायचं.
मी पान बघत राहिलो.
हे तर आमच्या घरातलं होतं.

अण्णांच्या काळी भाव बोलत नसत.
खरेदीदाराचा हात हातात, वर रुमाल,
चार बोटं धरली की चार, पंजा धरला की पाच,
आणि चेहरा असा, जणू दोघं पावसाचं बोलतायत.
बाळगोंडा शेठचा हात खोटा नाही, असं
हरिपूरच्या पेवांपासून निपाणीपर्यंत म्हणत.
आता भाव पडद्यावर येतो.
अण्णा ओसरीवर बसून असतात, कानानं अधू,
मांडीवर पंचा.

त्या रात्री मी शेजारी बसलो.
मठातला नऊ हजार करून दाखवला.
त्यांनी नीट पाहिलं.
"कुणाचा हात हा?"
"एका साधूचा. लई जुना. परदेशातला."
"हळद घेत होता?"
"नाही. सणांच्या तारखा काढत होता."
"मग उघड्यावर का मोजतोय?" म्हणाले,
आणि पंचा माझ्या हातावर टाकला.

आत अंधार. त्यांची बोटं खरबरीत,
हळकुंडासारखी, गाठी तशाच.
एक बोट चाचपलं, दुसरं सोडलं,
मी भाव वाचायचा प्रयत्न केला, सात? सव्वासात?
काहीच लागेना.
मग त्यांनी आपली पाची बोटं
माझ्या पाचांत गुंतवली आणि तशीच ठेवली.

त्या पानावर सगळ्यात शेवटी हीच खूण आहे,
बोटांत बोटं. दहा लाख.
त्याच्यापुढे साधूला मोजता येत नव्हतं.

"किती झाले, अण्णा?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"कशाचे किती?
हात गार पडलेत तुझे," ते म्हणाले.
"आत जा. जेव."